नवा पीसी घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बाबांचा २०१४ मधला डेस्कटॉप, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सोसायटीचे हिशेब टॅलीत, नोटिसा जुन्या मराठी फॉन्टात. चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात आणि दुकानदार म्हणतो, "बोर्ड जुना झाला, नवीनच घ्या."

बोर्ड (मदरबोर्ड) जुना झाला म्हणून मशीन रखडत नाही. उद्या पीसी चालू केलात की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि सीपीयू मात्र आरामात, असं दिसलं तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. माझी पैज आहे की असंच दिसेल.

कारण साधं आहे. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या) डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळाच. विंडोज चालू होताना इकडे-तिकडे विखुरलेल्या हजारो छोट्या फायली वाचतं, म्हणजे हा खेळ हजारो वेळा. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच. त्यामुळे पहिला खर्च तिथे करा.

घेताना २.५ इंची साटा (हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची) एसएसडी मागा. दुकानदार च्युइंगगमच्या पट्टीसारखी, थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई एसएसडी दाखवेल, ती घेऊ नका. त्या काळातल्या साध्या बोर्डांवर तिचा स्लॉट सहसा नसतो. हिशेब आणि टायपिंगला २४० जीबीही पुरते. बोर्ड एच८१ चिपसेटचा असेल (या प्रोसेसरबरोबर बहुतेक तोच असायचा) तर त्यावर दोन साटा पोर्ट ६ जीबीपीएसचे आणि दोन ३ चे असतात. रंगावर जाऊ नका, पोर्टशेजारी छापलेलं वाचा आणि एसएसडी ६ वाल्यात लावा. कॅबिनेटमध्ये तिच्या मापाचा खण नसेल तर दुहेरी चिकटपट्टीने चिकटवली तरी चालतं.

पण त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून जुन्या डिस्कची तब्येत बघा. पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी टॅलीचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. ते मराठी फॉन्टही विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करा. हे हमखास विसरतं, आणि मग बाबांच्या सगळ्या नोटिसा इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडतात.

क्लोन करायच्या, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायच्या भानगडीत पडू नका, विंडोज नव्याने टाका. डिजिटल लायसन्स असेल तर ते बोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली तरी विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. क्लोनिंगबद्दल मी चटका बसलेला माणूस आहे. एकदा सारख्याच मापाच्या दोन डिस्क जोडल्या, सोर्स आणि टार्गेट उलटे निवडले आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर व्यवस्थित उतरवली. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून नवीन इन्स्टॉल करतानाही जुन्या डिस्कची केबल काढून ठेवतो.

मग रॅम. डीडीआर३, डेस्कटॉपची लांब पट्टी, आणखी ४ जीबी. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. नवी मिळाली नाही तर जुनी चालेल. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा. लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवा. मशीन बीप मारत बसलं तर घाबरू नका, बटण बंद करून वायर काढा, पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा आणि दोन्ही बाजूंनी 'टक्' होईपर्यंत दाबा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं.

आता अवघड भाग. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तुमचा बसत नाही. रुफस या इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ही तपासणी चुकवून ११ टाकता येतं, मी स्वतःच्या खेळण्याच्या मशीनवर टाकलंही आहे. पण पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, त्यामुळे सोसायटीच्या हिशेबाच्या मशीनवर मी ते करणार नाही. त्याऐवजी विंडोज १० च्याच विंडोज अपडेटमध्ये जाऊन ईएसयूला (सुरक्षा अपडेटच्या वाढीव मुदतीच्या योजनेला) नोंदणी करा. आवृत्ती २२एच२ असावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यानंतर हे मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त टॅली आणि नोटिसांना ठेवा, बँकेचं काम त्यावर नको.

कोणीतरी खाली विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम सुचवेलच. मीही वापरतो, अशा मशीनवर झकास पळतं. पण टॅली विंडोजची आहे, आणि बाबांची वर्षानुवर्षांची सवय मोडायला लावणं मला तरी पटत नाही.

रॅम घेण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडून बोर्डाचा फोटो इथे टाका. दुसरा स्लॉट रिकामा आहे की २-२ च्या दोन पट्ट्या बसवल्यात, ते दिसलं की नेमकं काय घ्यायचं ते सांगतो.