आमची कुठली, निळी का तांबडी?

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षं तायक्वांदो खेळते. यंदा आम्ही काही पालक मिळून विट्यात तालुक्यापुरती स्पर्धा भरवतोय. अडचण अशी, की आपल्या पोराची फाइट झाली की पालक उठून जातात. मागच्या वेळी फायनल चालू असताना हॉलमध्ये पंच, चहावाला आणि आम्ही सहाजण एवढेच होतो. लोकांना बसवून ठेवायचं कसं? डीजे, लाइट, मोठी बक्षिसं परवडणारी नाहीत.
– एक पालक, विटा

उत्तर : काही वर्षांपूर्वी सांगलीत आमच्याच क्लासने भरवलेल्या स्पर्धेला पलूसकडच्या एक आजी आल्या होत्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या, मांडीवर भडंगाचा पुडा, न उघडलेला. नातीची फाइट सुरू झाली तसं त्यांनी मला विचारलं, "बाई, आमची कुठली? निळी का तांबडी?" डोक्याला हेड गार्ड, छातीला चेस्ट गार्ड, तोंडात दातांचं गार्ड. आजींना नात ओळखूच येईना. गुणफलक होता, पण पंचांच्या टेबलावर, पंचांकडे तोंड करून. आजींनी जोरात टाळ्या वाजवल्या तेव्हा गुण समोरच्या पोरीला मिळाला होता. मला ते फार लागलं. एसटीनं एवढ्या लांब आलेल्या बाईला नातीचा एक गुण कळू नये, हा दोष आमचा होता.

माझं गाव कुंडलच्या शेजारचं. वडिलांच्या खांद्यावर बसून मी तिथल्या मैदानातल्या कुस्त्या बघितल्यात. तिथं माणूस उन्हात तासन् तास बसतो, ते काही त्याचा पोरगा आखाड्यात असतो म्हणून नव्हे. निवेदक माइकवर सांगत असतो, हा अमक्या गावचा, अमक्या तालमीचा, अमक्या वस्तादाचा पठ्ठा, गेल्या साली याच जोडीत घिस्सा डावावर पडला होता. डाव लागला की त्याचं नाव घेतो : ढाक, मोळी, एकलंगी. आयुष्यात लंगोट न बांधलेला माणूसही दोन-चार कुस्त्यांत डाव ओळखायला लागतो. आमच्या हॉलमध्ये माइक असतो तो फक्त "मॅट नंबर दोन, निळा खेळाडू त्वरित हजर व्हा" यासाठी.

तेव्हा तुमचा पहिला खर्च म्हणजे बोलणारा माणूस. जुना खेळाडू धरा, विट्याच्या बोलीत बोलणारा. त्यानं सुरुवातीला हिशेब सांगावा आणि दर तासाला परत सांगावा : मुठीचा फटका 1, अंगावर किक 2, डोक्यावर 3, गिरकी घेऊन अंगावर 4, गिरकी घेऊन डोक्यावर 5, आणि गमजॉम म्हणजे चूक, त्याचा 1 गुण समोरच्याला. एवढं कळलं की शेवटच्या दहा सेकंदांत तीन गुणांनी मागे पडलेली पोरगी गिरकी का घेते, हे मागच्या रांगेलाही कळतं. पंचांचे शब्द कोरियन आहेत, सिजाक म्हणजे सुरू, काल्यो म्हणजे थांबा. तेही सांगा.

फलक प्रेक्षकांकडे वळवा. कुणाच्या घरचा टीव्ही लॅपटॉपला जोडला तरी भागतं. कोरियात 2020 साली एका लीगमध्ये गुणांच्या जागी व्हिडिओ गेमसारखी शक्तीची पट्टी लावली होती. दोघांची पट्टी भरलेली, मार बसेल तशी रिकामी होत जाणारी. आपल्याला तेवढं करायची गरज नाही, पण त्यांनी दुखणं बरोबर ओळखलं होतं. कोण पुढे आहे हे शेवटच्या रांगेतून दिसायला हवं.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, इलेक्ट्रॉनिक गार्ड, म्हणजे किक बसली की सेन्सरनं आपोआप गुण नोंदवणारे, भाड्यानं आणू. त्यावर माझं मत सांगते. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची डोक्याला लागलेली किक पंचांनी धरलीच नाही, नंतर व्हिडिओ बघून निकाल फिरवावा लागला. 2012 ला लंडनमध्ये सेन्सरचे चेस्ट गार्ड आणि व्हिडिओ रिप्ले दोन्ही आले, आणि निकालावर विश्वास बसू लागला. पण त्याबरोबर एक खोड लागली. मुलं पुढचा पाय उचलून धरतात, तलवारीसारखा फिरवतात आणि सेन्सरला टेकवायला बघतात. जोराची, सुंदर किक मागे पडली. पाय उचलून अडवला तर गमजॉम आहे, पण तालुक्याच्या स्पर्धेत तो द्यायला पंच कचरतात. तुमच्या पंचांच्या बैठकीत हे आधी ठरवा. यंत्र नसेल तरी चालेल, रांगडी आणि स्वच्छ फाइट होऊ द्या. तीनपैकी दोन कोपऱ्यांतल्या पंचांनी बटण दाबलं की गुण, हा जुना हिशेब आजही पुरतो.

फेऱ्यांचंही बघा. पूर्वी तिन्ही फेऱ्यांचे गुण एकत्र धरायचे, त्यामुळे पहिल्या फेरीत दहा गुणांनी मागे पडलं की खेळ संपल्यात जमा. आता तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या असतात, पॅरिस ऑलिम्पिकही तसंच झालं. पहिली फेरी हरलेलं पोरगं दुसऱ्या फेरीत शून्यापासून उभं राहतं. निवेदकानं हे सांगितलं तर निम्मे लोक जागचे हलणार नाहीत.

सकाळी तीन मॅट चालू राहू द्या, त्याशिवाय प्राथमिक फेऱ्या उरकत नाहीत. पण निवडक आठ फायनल एकाच मॅटवर, एकामागोमाग लावा. मोठ्यांची फाइट दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मधली विश्रांती धरून फार तर आठ मिनिटांची. दीड तासात सगळं आवरतं. फक्त वेळ जपा. आम्ही एकदा फायनल सात वाजता ठेवल्या आणि जत, आटपाडीची मंडळी शेवटच्या एसटीसाठी निघून गेली. लहान वयोगटाच्या फायनल दुपारी उरका, मोठ्यांच्या चार वाजता सुरू करा.

आणि हलगी. हो, मी आणली होती. खेळाडू मॅटकडे चालत येतात तेव्हा हलगी कडाडली की हॉल एकदम ताठ होतो, आजही अंगावर काटा येतो. पण पहिल्या दिवशी आम्ही ती फेरी चालू असतानाही वाजवू दिली. एका मुलीला काल्यो ऐकूच आलं नाही, पंचांनी थांब म्हटल्यावरही तिनं किक मारली आणि गमजॉम खाल्ला. ती रडली. तेव्हापासून आमचा नियम : हलगी प्रवेशाला आणि मधल्या मिनिटाला, फेरीत पूर्ण शांत.

त्या आजी पुढच्या वर्षी परत आल्या. माइकवरून नातीचं नाव, गाव आणि "निळ्या गार्डमध्ये" एवढं ऐकलं आणि त्यांनी भडंगाचा पुडा उघडला.

प्रश्न : फाइट चालू असताना पालक मागून "मार, मार" ओरडतात, मुलं बिथरतात. त्यांना गप्प बसवावं का?
– क्रीडाशिक्षिका, मिरज

उत्तर : गप्प नका बसवू, जागा बदला. मुलाचा कोच ज्या बाजूच्या खुर्चीवर असतो तिथंच मागे आईवडील बसले की पोराच्या कानात दोन आवाज पडतात आणि ते दोघांकडे बघायला लागतं. पालकांना समोरच्या बाजूला बसवा. आणि आदल्या दिवशी मुलांनाच घरी आईवडिलांना गुणांचा हिशेब शिकवायला सांगा. आमच्याकडे आता "मार"च्या ऐवजी "गिरकी!" अशी आरोळी येते.