फायबरचे कवच आणि स्फोटाचा धक्का

प्रश्न : आम्ही हर्णै येथे फायबरच्या होड्या बांधतो. सुरुंग शोधणाऱ्या काही युद्धनौकाही फायबरच्याच असतात असे कळले. मॅट (विस्कळीत काचतंतूंची चादर) आणि रोव्हिंग (जाड काचतंतूंचे विणलेले कापड) यांचे थर रेझिनने (सुकून घट्ट होणाऱ्या राळेने) चिकटवून केलेल्या अशा कवचाजवळ स्फोट झाला, तर आधी थर सुटतात की कवच एकदम फुटते? गोलाईचा काही उपयोग होतो का?
— एक वाचक, हर्णै (जि. रत्नागिरी)

उत्तर : आपल्याला कळले ते खरे आहे. ब्रिटिश नौदलात १९७३ साली दाखल झालेली ‘एचएमएस विल्टन’ ही काचतंतूंच्या फायबरची पहिली युद्धनौका. चुंबकीय सुरुंगाला लोखंडाची चाहूल लागू नये, हा त्यामागचा मुख्य हेतू. पाण्याखालच्या स्फोटात वायूचा फुगा फुगत-आकसत पुन्हा पुन्हा धक्के देतो. तो विषय वेगळा असल्याने येथे हवेतील स्फोटापुरतेच लिहितो.

अशा स्फोटात दाब जवळजवळ तत्क्षणी शिखर गाठतो, काही मिलिसेकंदांत ओसरतो आणि नंतर थोडा वेळ वातावरणाच्या दाबाच्याही खाली जातो. कवचाला एकदा आत-बाहेर हेलकावायला जितका वेळ लागतो, त्याच्या मानाने हा धक्का फार अल्पकाळ टिकला तर त्याचा एकूण आवेग (दाब आणि तो टिकलेला वेळ यांचा एकत्रित परिणाम) महत्त्वाचा ठरतो. पुष्कळ वेळ टिकला तर दाबाचे शिखर.

पोलादी पत्र्याला पोचा येतो आणि त्या पोच्यातच बरीच ऊर्जा खर्च होते. फायबरला ही सोय नाही. त्याच्यात ऊर्जा खर्च होते ती रेझिनला तडे जाण्यात, थर सुटण्यात आणि शेवटी तंतू तुटण्यात. म्हणून बहुधा थरच आधी सुटतात. कवच वाकू लागले की वहीच्या पानांप्रमाणे थर एकमेकांवरून सरकू पाहतात, आणि त्यांच्या मध्ये तंतू नसतात, केवळ रेझिन असते. आतील फासळ्यांच्या कडेला हा ताण विशेष वाढतो. एकाच दिशेचे अनेक थर एकावर एक घालून पुढचा थर एकदम आडवा टाकला, तर त्या सांध्यावर थर सुटण्याची भीती अधिक.

गोलाईचा उपयोग निश्चित होतो. फुगीर बाजूवर आलेला दाब कमानीप्रमाणे कवचाच्या अंगातूनच कडेकडे वाहून नेला जातो. मात्र कवच पातळ आणि गोलाई उथळ असेल, तर ते अचानक आत उलटू शकते. परतीचा हेलकावा आणि उतरलेला दाब यांची गाठ पडली, तर आत दबताना तगलेले कवच बाहेर येताना फुटते.

आपल्या कामाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती थरांमधील पकड. आषाढातल्या दमट हवेत सर्दावलेली मॅट वापरली, किंवा पूर्ण सुकलेला थर न घासताच त्यावर पुढचा चढवला, तर स्फोटाआधीच ती जागा कच्ची राहते. धक्क्यानंतर जेलकोट (कवचाचा बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर) चकचकीत दिसला तरी, जेथे रंग नाही तेथे आतून दिवा धरून पाहावे : सुटलेल्या जागी दुधाळ डाग दिसतो. नाण्याने टकटक करत गेल्यास टणक आवाजाऐवजी तेथे बद्द आवाज येतो. असा भाग वरून रेझिन लावून झाकू नये. पक्क्या थरापर्यंत उतरत्या पायऱ्यांनी घासून पुन्हा थर द्यावेत.