पोटाच्या सीटीचे डोस गोळा करताना सरासरी नको; तपासणी कशासाठी केली तेही नोंदवा

ठाणे आणि नवी मुंबईतील काही सीटी केंद्रांकडून आपण पोटाच्या तपासणीत रुग्णांना मिळणाऱ्या क्ष-किरणांच्या डोसचे आकडे मिळवले आहेत. त्यांची सरासरी राष्ट्रीय संदर्भ पातळीसाठी (केंद्रांनी आपला डोस ज्याच्याशी ताडून पाहायचा, त्या देशभराच्या आकड्यासाठी) पाठवावी का, आणि सर्वांत जास्त डोस असलेल्या केंद्राला काय सांगावे, असे आपण विचारले आहे.

सरासरी पाठवू नये. एखादा फार स्थूल रुग्ण किंवा पुन्हा करावा लागलेला एखादा स्कॅन सरासरीला वर खेचतो. आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाच्या २०१७ मधील १३५ व्या प्रकाशनानुसार प्रत्येक केंद्राने एका तपासणीच्या किमान २० रुग्णांचा मध्यक, म्हणजे डोस क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यावा. सर्व केंद्रांचे मध्यक चढत्या क्रमाने लावले की ज्या आकड्याच्या आत तीन-चतुर्थांश केंद्रे येतात, ती संदर्भ पातळी.

खरी अडचण मात्र ‘पोटाचा सीटी’ या नोंदीतच आहे. एका केंद्रात तो मुतखड्यासाठी कॉन्ट्रास्टशिवाय एकदाच होतो, तर दुसऱ्यात यकृतातील गाठीसाठी तीन फेजमध्ये, म्हणजे कॉन्ट्रास्टचे औषध दिल्यावर वेगवेगळ्या वेळी तीनदा. प्रत्येक फेजचा सीटीडीआय (यंत्राच्या डोसची तीव्रता) जवळपास सारखा दिसला, तरी एकूण डीएलपी (ती तीव्रता गुणिले स्कॅनची लांबी) दुप्पट-तिप्पट होतो. दोन्ही एकत्र केले, तर निघणारी पातळी डोस किती काटकसरीने दिला हे न सांगता कोणाकडे फेज जास्त झाले एवढेच सांगेल. ब्रिटनच्या २०११ च्या सर्वेक्षणात पोट व ओटीपोटासाठी सीटीडीआय १५ मिलिग्रे आणि डीएलपी ७४५ मिलिग्रे-सेंटीमीटर हे आकडे दिले, तेव्हा गळूचा शोध हे कारणही नमूद केले होते. ते आकडे उचलून येथे लावणेही मला चुकीचे वाटते, कारण आपल्याकडील बरेच रुग्ण अंगाने लहान असतात आणि त्यांना मुळात कमी डोस पुरायला हवा. म्हणून वजन अवश्य नोंदवा. मुलांच्या बाबतीत सीटीडीआय १६ सेंटीमीटर व्यासाच्या फँटमवर (डोस मोजण्यासाठी शरीराऐवजी वापरायच्या प्लास्टिकच्या दंडगोलावर) दिला आहे की ३२ च्या, हेही लिहा. त्याशिवाय तुलना निरर्थक ठरते.

मला सर्वांत काळजी वाटते ती माहिती कोठून येते याची. स्वतःचा भौतिकशास्त्रज्ञ असलेली मोठी रुग्णालये नोंदी सहज पाठवतात. कळवा, दिवा किंवा उलव्यासारख्या भागांतील एकाच यंत्रावर चालणारी छोटी केंद्रे सुटतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीतून सीटी यंत्रांना परवाने मिळतात, तेव्हा नमुना त्या यादीतून निवडणे शक्य आहे आणि तसाच तो निवडला जावा, असे माझे ठाम मत आहे.

जास्त डोस असलेल्या केंद्राला दोषी ठरवू नका. संदर्भ पातळी ही मर्यादा नव्हे आणि ती एकेका रुग्णाला लावायचीही नसते. केंद्राचा मध्यक सातत्याने वर राहिला, तर कारण शोधायचे असते. त्यांच्याकडून आधी डोस रिपोर्टची पाने मागवा आणि फेज किती, स्कॅन कोठून कोठपर्यंत घेतला, ट्यूब करंटचे स्वयंचलित नियंत्रण (रुग्णाच्या अंगानुसार क्ष-किरणांचे प्रमाण कमी-जास्त करणारी सोय) चालू होते का, हे पाहा. एवढे जुळल्यावरच त्यांचा मध्यक इतरांच्या शेजारी ठेवावा.