वाचकांचे प्रश्न : थेम्सकाठचे धक्के

प्रश्न : लंडनला टॉवर ब्रिजजवळ बटलर्स वार्फ या धक्क्याची जुनी गोदामं पाहिली, तिथे आता फ्लॅट आहेत. शहरात मोठमोठ्या गोद्या असताना हे धक्के शंभर वर्षं चालले कसे?

उत्तर : कायद्यातल्या एका कलमामुळे. थेम्सला मोठ्या भरतीत पाणी सुमारे सात मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला धक्क्यालगतचं जहाज चिखलात बसायचं, नदीत नांगरलं तर मालाची चोरी व्हायची. म्हणून दरवाजांनी पाणी अडवलेल्या बंदिस्त गोद्या खोदल्या गेल्या. त्यातली वेस्ट इंडिया गोदी १८०२ सालची. पण १७९९ च्या तिच्या कायद्यातच पडाववाल्यांनी (पडाव म्हणजे माल वाहणारी सपाट होडी) मेख मारून ठेवली होती : जहाजाचा माल न्यायला-आणायला येणाऱ्या पडावांना गोदीत फुकट प्रवेश. पुढच्या गोद्यांनाही तेच लागू झालं. वेस्ट इंडीजच्या मालाची २१ वर्षांची मक्तेदारी होती तोवर कंपनीला त्याची झळ लागली नाही. ती संपल्यावर मात्र जहाज गोदीत उभं राही आणि माल पडावांतून नदीकाठच्या स्वस्त गोदामांत जाई. दरवाजे, भिंती, गाळ उपसणं हा खर्च गोदीवाल्यांचा, साठवणुकीचं भाडं धक्केवाल्यांचं! १८७०च्या दशकात उभं राहिलेलं बटलर्स वार्फ याच धंद्यावर पोसलं. चहा, मसाले इथेच उतरत.

प्रश्न : मग सगळं एकदम बंद का पडलं? आणि वेस्ट इंडिया गोदीच्या जागी कॅनरी वार्फ हे कार्यालयांचं संकुल कसं उभं राहिलं?

उत्तर : कंटेनरमुळे. पेटीबंद माल थेट ट्रकवर चढू लागला, तेव्हा पडाव आणि बहुमजली गोदाम दोन्ही निरुपयोगी ठरली. मोठी जहाजं सुमारे ४० किलोमीटर खाली टिलबरीलाच थांबू लागली. बटलर्स वार्फ १९७२ मध्ये बंद झालं, वेस्ट इंडिया गोदी १९८० मध्ये.

१९८१ मध्ये सरकारने गोद्यांच्या भागासाठी विकास महामंडळ नेमलं आणि बांधकाम परवानगीचे अधिकार स्थानिक पालिकांकडून काढून त्याला दिले. १९८२ पासून आइल ऑफ डॉग्जमध्ये, म्हणजे वेस्ट इंडिया गोदीच्या परिसरात, दहा वर्षं व्यावसायिक मालमत्ता करही माफ होता. इमारती भराभर उठल्या, वाहतूक मागे राहिली. १९८७ ची हलकी रेल्वे एवढ्या गर्दीसाठी बेतलेलीच नव्हती. १९९१ मध्ये कॅनरी वार्फचा २३५ मीटरचा मनोरा पूर्ण झाला, पण भाडेकरू पुरेसे मिळेनात आणि १९९२ मध्ये विकासक कंपनी ऑलिम्पिया अँड यॉर्क बुडाली. भुयारी रेल्वेचा ज्युबिली मार्ग आला १९९९ मध्ये. आधी रूळ टाकले असते तर निम्मी फजिती टळली असती. कार्यालयांतल्या नोकऱ्या गोदी कामगारांच्या कामाच्या नव्हत्या, ही तक्रारही खरीच.

पुन्हा गेलात तर वेस्ट इंडिया क्वेवरच्या जुन्या साखर गोदामातलं संग्रहालय पाहा, प्रवेश मोफत आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काठावर परवान्याशिवाय काही उकरू किंवा उचलू नका.