रंगाचा डबा उघडायच्या आधी: जुन्या फर्निचरचे तुमचे प्रश्न

प्रश्न (सांगली): ताई, सासूबाईंच्या माहेरचं लिहायचं टेबल आमच्याकडे आलंय, दोन ड्रॉवरचं. सागवानी आहे म्हणतात पण पॉलिशवर पॉलिश बसून इतकं काळं पडलंय की काही कळत नाही. मला पांढरा चॉक पेंट मारून मॉडर्न लुक द्यायचाय, रीलमध्ये तर पटकन होतं. नवरा म्हणतो हात लावू नको, सुताराला दाखव. काय करू?

उत्तर: टेबल तुमचं, पांढरं करा नाहीतर जांभळं, पण आधी खाली काय आहे ते तरी बघा. टेबल उलटं करा आणि वरच्या फळीची खालची बाजू बघा, तिथे सहसा पॉलिश नसतं. ड्रॉवरवरून ठरवू नका, ड्रॉवरच्या आतलं लाकूड बऱ्याचदा स्वस्तातलं घालायचे. एका कोपऱ्यात पॉलिश पेपर फिरवलात आणि सोनेरी तपकिरी रंग दिसला, हाताला किंचित तेलकट लागलं, चामड्यासारखा वास आला तर साग समजा.

मग हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशचं स्पिरिट आणा, कापसाचा बोळा भिजवून पायाच्या आतल्या बाजूला मिनिटभर दाबून धरा. बोळा तपकिरी झाला आणि ती जागा चिकट लागली तर ते जुनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, आणि तुमचं नशीब जोरावर आहे कारण ते स्पिरिटनेच निघतं. स्पिरिटने काही झालं नाही तर थिनर लावून बघा, त्याने विरघळलं तर लॅकर. दोघांनाही दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक पॉलिशं असणार, तिथे मात्र घासण्याला पर्याय नाही, आणि मग नवऱ्याचं ऐका.

चपडा निघाला असं धरून सांगते. वीतभर जागा स्पिरिटने ओली करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, बारीक स्टील वूलने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चोळायचं आणि लगेच फडक्याने पुसून घ्यायचं, कारण स्पिरिट उडून गेलं की तो सगळा काळा चिखल परत तिथल्या तिथे वाळून बसतो. खिडक्या उघड्या, हातात ग्लोव्हज आणि जवळपास गॅस, उदबत्ती, देवघरातली समई काही पेटतं नको, स्पिरिट भस्सकन पेट घेतं. मग 120, 180, 220 नंबरचे पॉलिश पेपर, खरखरीतकडून बारीककडे, याच क्रमाने, मधला गाळू नका. आडवं घासलंत तर आत्ता काही दिसणार नाही, पॉलिश चढलं की प्रत्येक ओरखडा वर येईल.

एवढं झाल्यावरही पांढराच हवा असेल तर हे ऐका. सागाच्या अंगात तेल असतं, थेट रंग मारला तर नीट धरत नाही आणि थोड्या दिवसांत पांढऱ्यातून पिवळट तपकिरी डाग फुटतात, मग कितीही हात मारा. आधी डाग अडवणारा प्रायमर लागतो. पण मला विचाराल तर सागावर पांढरा रंग म्हणजे पुरणपोळीवर केचप. नवीन चपडा लावा ना! एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर भिजत घाला (लोखंडी डबा नको, काळपट होतं), मलमलीतून गाळा, मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून बोळा करा आणि पातळ हात मारत जा. जाड हात मारायचा मोह होतो, तो टाळा. आणि भर पावसाळ्यात करू नका, हवेतला ओलावा पॉलिशमध्ये अडकतो आणि वर पांढुरकी झाक येते.

प्रश्न (नाशिक): जुन्या पाटांना बारीक बारीक भोकं पडलीत आणि खाली पीठ सांडल्यासारखं दिसतं. वाळवी आहे का? रॉकेल ओतू का?

उत्तर: वाळवी नाही. वाळवी मातीच्या नळ्या करत येते आणि लाकूड आतून पोखरते, असं पीठ सांडत नाही. तुमच्याकडे भुंगे झालेत, आतली अळी लाकूड खाते, तिचा भुंगा झाला की टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे भोक दिसतं तेव्हा तो गेलेला असतो, प्रश्न आत राहिलेल्यांचा! रॉकेलने वास राहतो, अळ्या मरतीलच असं नाही. लाकडाच्या किडीचं औषध आणा, डब्यावरच्या सूचना वाचा आणि सुईच्या सिरिंजने एकेका भोकात सोडा. मग भोकांत लांबी (पुट्टी) भरा, घासा आणि सगळ्या बाजूंनी, खालच्या बाजूनेही, पॉलिश करा. या किडीला अंडी घालायला उघडं लाकूड लागतं. औषध मारलेल्या पाटावर ताट ठेवून जेवायला मात्र बसू नका, शोभेला ठेवा.

प्रश्न (पुणे): मुलीला बाळ होणार आहे. तिच्या वेळचा लाकडी पाळणा माळ्यावर आहे, 1988 चा, हिरवा ऑइल पेंट आहे आणि पोपडे निघालेत. घरीच घासून नवीन रंग द्यायचा विचार आहे.

उत्तर: काकू, घासू नका, प्लीज. तेव्हाच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायची दाट शक्यता आहे. घरातल्या रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये आला आणि लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. कोरडं घासलं की ती धूळ घरभर बसते आणि शिसं गरोदर बाईला आणि बाळाला सगळ्यात वाईट. वरून नवीन रंग मारला तरी दात येताना बाळ कठडा चावणारच, मग खालचा थर उघडा पडतो. आठवण म्हणून ठेवायचाच असेल तर रंग काढायचं काम घराबाहेर, पेंट रिमूव्हर वापरून, माहितगार माणसाकडून करून घ्या आणि तरीही बाळाला त्यात झोपवू नका. बाळासाठी साड्यांची झोळी आहेच की.

प्रश्न (ठाणे): टीव्ही युनिटचा खालचा भाग फुगलाय, फरशी पुसताना पाणी लागून. सनमायका काढून नवीन लावला तर बसेल का सरळ?

उत्तर: नाही बसणार. आत पार्टिकल बोर्ड आहे, भुसा आणि डिंक, एकदा फुगला की परत दबत नाही. त्यावर पैसे घालू नका. बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनल चांगले असतील तर काढून ठेवा, नवीन युनिटला वापरता येतील, आणि नवीन घेताना खाली चार इंची पाय लावून घ्या.