कॉन्टेसाचा न्यूट्रल स्विच: वायरी डायरेक्ट करण्याआधी प्रोपेलर शाफ्ट हलवून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. कॉन्टेसात टोयोटाचं वन-जेझेड इंजिन आणि त्याच हाफ कटमधला (परदेशातून अर्धी कापून आणलेल्या जुन्या गाडीतला) चार गिअरचा ए-३४० ऑटोमॅटिक बॉक्स बसवलाय. गाडी नागपूरच्या हिंगणा रोडच्या शेडमध्ये स्टँडवर उभी आहे. दांडा पार्कमध्ये असला की सेल्फ लागत नाही, रिव्हर्समध्ये ठेवला की लगेच लागतो. त्यात पार्कमध्ये किल्ली ऑन केली की मागचे पांढरे दिवे लागतात. तुमचा वायरमन म्हणतो, "स्विच गेला भाऊ, दोन वायरी डायरेक्ट करून टाकू." करू का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. माझ्या अंदाजाने तुमचा न्यूट्रल स्विच, म्हणजे पार्क आणि न्यूट्रल सोडून सेल्फ लागू न देणारा स्विच, ठणठणीत आहे आणि तो जे सांगतोय ते खरंच सांगतोय. हा स्विच तुमच्या दांड्यावर बसलेला नसतो, तो गिअरबॉक्सच्या बाजूला, सिलेक्टरच्या शाफ्टवरच बसलेला असतो. बॉक्स आत ज्या गिअरमध्ये आहे तेच त्याला कळतं. केबिनमधल्या दांड्यावर कोणतं अक्षर दिसतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आता तुमची लक्षणं जुळवून बघा. दांडा पार्कमध्ये आणि दिवे रिव्हर्सचे, म्हणजे बॉक्स रिव्हर्समध्ये. दांडा रिव्हर्समध्ये आणि सेल्फ लागतोय, म्हणजे बॉक्स न्यूट्रलमध्ये. सगळं बरोबर एका खटक्याने सरकलंय. याच हिशेबाने दांडा न्यूट्रलवर असेल तेव्हा बॉक्स ड्राइव्हमध्ये असणार. अशात स्विच डायरेक्ट केलात तर कोणी तरी पार्क समजून किल्ली मारेल आणि गाडी चालू झाल्या झाल्या मागे जाईल.

खात्री करायला दहा मिनिटं लागतात. मागची दोन्ही चाकं वर, किल्ली काढलेली, दांडा पार्कमध्ये. गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा. चाक फिरवून बघू नका, कारण डिफरेन्शियलमुळे एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरतं आणि माणसाला वाटतं की गाडी मोकळी आहे. शाफ्टच धरा. बॉक्स खरंच पार्कमध्ये असेल तर आतला खटका अडकलेला असतो, शाफ्ट थोडासा हलून टक् करून थांबतो. मोकळा फिरला तर बॉक्स पार्कमध्ये नाही, दोष दांडा आणि बॉक्स जोडणाऱ्या सळईत आहे. पार्कमध्ये शाफ्ट अडला आणि तरीही रिव्हर्सचे दिवे लागत असतील, तरच स्विच शाफ्टवर वाकडा बसलाय असं म्हणा.

सळईचाच दोष निघेल असं मला वाटतं. स्वॅपच्या, म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेल्या गाडीत दांडा एका गाडीचा, बॉक्स दुसऱ्या गाडीचा आणि मधली सळई वेल्डिंगवाल्याने अंदाजाने कापलेली. ती बोटभर लांब-आखूड झाली तरी एवढं होतं. दुरुस्त करताना दांड्याकडून नाही, बॉक्सकडून सुरुवात करा. सळई सोडवा. बॉक्सवरचा लिव्हर पार्कच्या टोकाला न्या, पुढे जाणारच नाही इथपर्यंत, आणि तिथून दोन खटके परत या. पहिला खटका रिव्हर्स, दुसरा न्यूट्रल. हे खटके कानापेक्षा हाताला जास्त कळतात, म्हणून ग्लोव्ह काढून करा. आता केबिनमधला दांडा न्यूट्रलवर ठेवा, कोणाला तरी तो रिव्हर्सच्या बाजूला हलकेच दाबून धरायला सांगा आणि सळईचा नट घट्ट करा. दाबून धरायचं कारण एवढंच की बुशातली ढील एका बाजूला जाते. जुने रबरी बुश असतील तर ते आधी बदला, नाहीतर आज जुळवलेलं दोन महिन्यांत पुन्हा हलेल.

मग स्विच. बॉक्स न्यूट्रलमध्येच राहू द्या. स्विचच्या अंगावर न्यूट्रलची एक रेघ कोरलेली असते आणि शाफ्टजवळ एक खाच असते. बोल्ट ढिला करून रेघ आणि खाच समोरासमोर आणा, बोल्ट कसा. ही रेघ तेलामातीखाली दडलेली असते, डिझेलमध्ये बुडवलेला ब्रश फिरवल्याशिवाय दिसत नाही. मी एकदा अर्धा तास शोधत बसलो होतो आणि रेघ माझ्या अंगठ्याखालीच होती.

आता वायरिंग, जे तुम्ही खरं तर विचारलं होतं.

स्विचच्या या कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) दोन वेगवेगळी कामं एकत्र राहतात आणि इथेच बहुतेक जण फसतात. एक जोडी सेल्फची: ती पार्क आणि न्यूट्रल या दोनच ठिकाणी जुळते. बाकीचा गठ्ठा डॅशवरच्या दिव्यांचा आणि रिव्हर्सच्या दिव्यांचा: त्यात एक समाईक वायर असते, तिला किल्ली ऑन केल्यावर करंट मिळतो आणि ती प्रत्येक गिअरला वेगळ्या पिनेला जुळते. कपलर सुटा करा, मीटर बीपवर लावा आणि सगळ्या जागा फिरवून बघा. जी जोडी पार्क आणि न्यूट्रल दोन्हींत वाजते आणि बाकी कुठेच वाजत नाही, तीच तुमची. फक्त न्यूट्रलमध्ये वाजणारी जोडी सापडली म्हणून खूश होऊ नका, ती डॅशवरच्या 'एन'च्या दिव्याची आहे. सेल्फचा रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) चुकून त्या दिव्याच्या वायरीवर घेतला, तर न्यूट्रलमध्ये नुसती किल्ली ऑन केली की सेल्फ फिरायला लागतो आणि किल्ली बंद करेपर्यंत थांबत नाही. रंगांवर विसंबू नका. हाफ कटची हार्नेस (वायरींची जुडी) आधी कोणी कापली, कोणी जोडली, सांगता येत नाही.

जोडी सापडली की तिच्यातून सोलेनॉइडचा (सेल्फवरच्या चुंबकी स्विचचा) पूर्ण करंट नेऊ नका. सोलेनॉइड ओढताना क्षणभर बराच करंट खातो आणि हे बारीक कॉन्टॅक्ट त्यासाठी नाहीत. मध्ये साधा चार पिनांचा रिले टाका. त्याची कॉइल जेमतेम दीड-दोनशे मिलीअँपिअर घेते. बॅटरीपासून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून सेल्फच्या छोट्या टर्मिनलला, ही वायर २.५ स्क्वेअर एमएमची. किल्लीच्या स्टार्टची वायर ५ अँपिअरच्या फ्यूजमधून न्यूट्रल स्विचला, स्विचमधून ८६ ला आणि ८५ बॉडीला अर्थ. अर्थसाठी रंग खरवडून, थिंबल दाबून, बोल्टखाली. पत्र्याच्या स्क्रूखाली गुंडाळलेली वायर म्हणजे अर्थ नाही.

काही जण स्विच दुसऱ्या बाजूला घेतात, म्हणजे ८६ ला किल्ली आणि ८५ स्विचमधून अर्थला. चालतं, पण मला पटत नाही. बॉक्सजवळून जाणारी वायर कधी ना कधी घासणार. अर्थच्या बाजूची वायर घासून बॉडीला टेकली तर रिलेला अर्थ फुकटात मिळतो आणि गाडी कोणत्याही गिअरमध्ये सुरू होते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. मी सांगितलेल्या पद्धतीत तीच वायर घासली तर ५ चा फ्यूज उडतो आणि सेल्फ लागत नाही. माणूस शिव्या देतो, पण गाडी जागेवर असते. याच कारणासाठी रिमोट स्टार्टवाला अलार्म लावणार असाल तर त्याची वायर स्विचच्या आधी, किल्लीच्या बाजूला जोडा. स्विचच्या पुढे जोडली तर एवढी मेहनत वाया.

ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, दोन खबरी हव्यात. सेल्फ फिरतोय ही एक, ती एसटीए पिनेवर १२ व्होल्टने जाते. दुसरी एनएसडब्ल्यू पिन, तिच्यावरून ईसीयूला कळतं की गाडी न्यूट्रलमध्ये आहे की गिअरमध्ये. किल्ली ऑन असताना पार्क किंवा न्यूट्रलमध्ये या पिनेवर जवळपास शून्य व्होल्ट दिसायला हवेत, बाकी गिअरमध्ये ९ च्या वर. गंमत अशी की हा करंट ईसीयू स्वतःच बारीकसा सोडतो आणि स्विच जुळला की तो रिलेच्या कॉइलमधून अर्थला जातो. म्हणून एनएसडब्ल्यूची वायर किल्ली आणि स्विच यांच्या मधे जोडायची, स्विच आणि रिलेच्या मधे नाही. तिकडे जोडली तर कॉइल तिला कायम शून्यावर धरून ठेवते आणि ईसीयूला वाटतं गाडी जन्मभर न्यूट्रलमध्येच आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या गाडीत मी त्याच स्टार्टच्या वायरीवर एक छोटा बल्ब टाकला होता, किल्लीचा करंट येतो की नाही ते दिसावं म्हणून. बल्बचं दुसरं टोक अर्थला. मे महिना, एसी चालू, व्हरायटी चौकाच्या सिग्नलला ड्राइव्हमध्ये ब्रेक दाबून उभा, आणि इंजिन मान टाकायला लागलं. मागून हॉर्न. थ्रॉटल बॉडी धुतली, आयडलचा व्हॉल्व्ह बदलला, प्लग बदलले. महिनाभराने मीटर लावल्यावर दिसलं की ड्राइव्हमध्येही एनएसडब्ल्यू शून्यावर आहे. तो बल्ब तिला खाली ओढत होता, म्हणून गाडी गिअरमध्ये आल्यावर ईसीयू आयडल सांभाळतच नव्हता. बल्ब काढला, पाच मिनिटांत गाडी शहाणी झाली. तुमच्या जुन्या कॉन्टेसाच्या किल्लीच्या स्टार्ट वायरीवर आधीचं काही लटकत असेल तर ते आधी तोडा.

डायरेक्ट करण्याबद्दल एक सांगतो, कारण "दहा वर्षं डायरेक्ट चालवतोय, काय होते बाप्पा" म्हणणारे तुम्हाला भेटतीलच. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ मारला की सेल्फच गाडीला ढकलतो, म्हणून ते लगेच कळतं. ऑटोमॅटिकमध्ये सेल्फच्या फेऱ्यांवर कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून बॉक्सला देणारा भाग) फारसं काही पुढे देत नाही, गाडी गप्प उभी असते. इंजिन पेटलं आणि थंड इंजिन दीड हजार फेऱ्यांवर चढलं की मग ती सुटते. एका गॅरेजमध्ये माझ्यासमोर झालंय. पोरगा बाहेर उभा राहून खिडकीतून हात घालून किल्ली मारत होता, गाडी ड्राइव्हमध्ये, स्विच डायरेक्ट. सेल्फ फिरला, काही झालं नाही, म्हणून त्याने पुन्हा मारला. दुसऱ्यांदा पेटलं. गाडी त्याला दारासकट ओढत कॉम्प्रेसरपर्यंत गेली. हाताला सहा टाके. कॉम्प्रेसर मध्ये नसता तर पुढे वेल्डिंग करणारा माणूस बसला होता.

सगळं जोडून झालं की पहिली चाचणी इंजिन पेटणार नाही अशी करा: इग्नायटरचा (प्लगच्या ठिणगीचा) कपलर सुटा, फ्यूल पंपाचा रिले काढलेला, चाकांना ओट (अडवणारा ठोकळा) लावलेला, पाय ब्रेकवर. प्रत्येक गिअरमध्ये किल्ली मारा. पार्क आणि न्यूट्रल सोडून कुठेही टक् सुद्धा ऐकू यायला नको. दोन खटक्यांच्या मधे दांडा अडकवूनही बघा, जुन्या स्विचमधली झीज तिथेच सापडते. मग सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या छोट्या टर्मिनलपर्यंत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. ही चाचणी दुपारी गाडी तापल्यावर पुन्हा करा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे बॉनेटखाली २५ चे ९० अंश झाले की तीच वायर पाव हिश्शाने जास्त अडवते. सकाळी झकास आणि दुपारी नुसतं टक्-टक्, हे आपल्याकडे उन्हाळ्यात ज्यांचं होतं त्यांची निम्मी भानगड इथली असते.

कागदांचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलाच्या विरोधात जातात. गाडी शेडबाहेर काढण्याआधी तुमच्या आरटीओत जाऊन समोरासमोर विचारा.

आता आधी गाडीखाली जा. दांडा पार्कमध्ये ठेवून शाफ्ट अडला की फिरला, एवढं इथे लिहा आणि बॉक्सकडच्या सळईचा एक फोटो टाका. तोपर्यंत वायरमनच्या हातात कटर देऊ नका.