बिघडलेला जॉब दाखवायला कोण येणार?

प्रश्न : ताई, उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतनं कास्टिंग म्हणजे ओतीव भाग येतात, आम्ही टर्निंग-बोअरिंग (बाहेरनं तासणं, आतलं भोक मापात करणं) करून पुढं पाठवतो. पंचवीसेक माणसं, मराठी आणि कन्नड दोन्ही. अडचण अशी की बिघडलेला जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, कुणी दाखवतच नाही, चांगल्या मालात ढकलतात आणि मग पार्टीकडनं (गिऱ्हाइकाकडनं) अख्खा लॉट परत. कॅमेरे लावले, दंडपण लावला, तरी तेच. चहाच्या वेळी मी गेलो की सगळे गप्प. विश्वास कसा बसवायचा ओ?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दादा, दंड लावलात तिथंच घोडं अडलंय. शिफ्ट संपत आलीय, ऑपरेटरच्या हातात बोअर (आतलं भोक) मोठा झालेला जॉब आहे, लाल बिनमध्ये, म्हणजे खराब मालाच्या डब्यात, टाकला तर पैसे कापणार आणि वर चारचौघांत ऐकून घ्यावं लागणार, खालच्या थरात सरकवला तर कदाचित कुणाला कळणारपण नाही, मग तो काय करेल सांगा? त्याला लबाड म्हणू नका, त्याला घर चालवायचंय. आणि मनाला येईल तसा दंड पगारातनं कापणं कायद्यातपण बसत नाही.

एमी एडमंडसन म्हणून अमेरिकेतल्या संशोधक आहेत, त्यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार असं त्यांना वाटलेलं, खरं आकडे उलटेच निघाले, कारण तिथल्या नर्स चूक झाली की मोकळेपणानं सांगायच्या आणि बाकीकडं झाकायच्या. मग १९९९ला त्यांचा एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास आला, तिथंपण जिथं बोलायची भीती नाही तिथली माणसं जास्त शिकत होती.

म्हणून दंड उद्याच बंद करा आणि ते तुम्ही स्वतः उभं राहून सांगा, कन्नडमध्येपण. बेळगावात बहुतेकांना दोन्ही भाषा कळतात, खरं मालक आणि सुपरवायझर कायम मराठीतच कुजबुजायला लागले की कन्नड पोरांना वाटणारच, आपल्यामागं काहीतरी शिजतंय.

पहिला माणूस जॉब घेऊन येईल ना, तो क्षण सांभाळा, बाकी सगळं त्यावर आहे. सगळे तिरक्या नजरेनं बघत असतात. ‘कुणी केलं’ विचारू नका, ‘इन्सर्ट (मशीनचा कापणारा तुकडा) कधी बदललेला’ विचारा, त्याच्याबरोबर मशीनपाशी जाऊन साईझ घ्या. कधी इन्सर्ट झिजलेला असतो, कधी कास्टिंगमध्येच ब्लोहोल (हवेच्या पोकळ्या) असतात, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

आणि पैशाचं. पगार ७ तारखेच्या आत, ओटी (ओव्हरटाइम) दुप्पट दरानं, हा कायदाच आहे, आणि ओटीचा हिशोब ज्याचा त्याला लिहून दाखवा. गणपतीला उचल देतो म्हणालात तर ती गणपतीच्या आधीच हातात पडली पाहिजे, जो मालक पैशाला शब्द पाळत नाही त्याच्या ‘रागावणार नाही’वर कोण विश्वास ठेवील? कॅमेरे गेटला, स्टोअरला राहू देत, चहाच्या जागेवर असेल तर तो आधी काढा.

पहिले दोन-तीन महिने रिजेक्शन वाढलेलं दिसेल, तेव्हा घाबरून परत दंडावर येऊ नका, तो माल आधीपण बिघडतच होता, फक्त पार्टीकडं जाऊन सापडत होता. तुम्ही परत येणारे लॉट तेवढे मोजत राहा आणि काय फरक पडतोय ते कळवा.